मापाचा खुंट

॥ श्री ॥

निंबारी, जिल्हा बुलढाणा
१२ डिसेंबर १९६४

चि. गं. भा. आशाबाई हिस भाऊ इंद्रभान याचे आशीर्वाद. पत्र वाचून दाखवणारे तुझे जेठ गुलाबराव यांस नमस्कार. शेगावी घरच्या सर्व थोरांस दंडवत, भाची अंबू हिस आशीर्वाद.

तुझ्या नावाआधीची ही दोन अक्षरे आज पहिल्यांदा लिहिली. आजवर सौ. लिहायची सवय, हात तिकडेच गेला. खोडून लिहिले. वरती खाडाखोड दिसते ती तीच आहे, दुसरे काही नाही.

इकडे सर्व बरे. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीने धरतो. कपाशीची दुसरी वेचणी आटोपली. विहिरीवरचा तुमचा तुकडा पडीक ठेवलेला नाही, वांगी आणि सांभार लावला आहे. सांभाराच्या हिरव्या जुडीला बाजारात सध्या कोणी विचारत नाही, गाईला घालतो.

रस्ता झाला. मोठ्या सडकेवरच्या फाट्यापासून थेट चावडीपर्यंत खडी अंथरून, वर मुरूम टाकून, लोखंडी रूळ फिरवून पक्का केला. दोन्ही अंगांनी दगडी नाल्या बांधल्या. एस.टी. आता चावडीशी येऊन वळते. तरी म्हाताऱ्या बाया अजून फाट्यापर्यंत चालत जातात आणि तिथे उभ्या राहून गाडीला हात करतात. सांगून सांगून थकलो, आता सांगत नाही.

ओव्हरसिअर अर्जुनरावांनी काढलेला गावाचा नकाशा चावडीच्या भिंतीवर लावला आहे. तांबडी रेघ रस्त्याची, निळी रेघ नळाची. तांबडी पुरी झाली. ती सरकारात पास झाली म्हणूनच निळीचा कागद पुढे सरकला आहे. टाकी टेकाडावर येणार, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक तोटी.

गुलाबरावांनी मागच्या खेपेला विचारले होते की खाणीत मधोमध तो मातीचा खुंट ठेवतातच कशाला. तेव्हा मी उत्तर दिले नाही, आता लिहितो. गावाने आपला वाटा श्रमदानाने द्यायचा होता. मुरूम आम्हीच खणायचा, आम्हीच वाहायचा. किती खणला हे खड्ड्याच्या खोलीवरून ठरते. पण जमीन खणून झाल्यावर ती आधी किती उंच होती हे कोण सांगणार? म्हणून मधे एक खुंट न खणता उभा ठेवतात. त्याच्या डोक्यावरचे गवतसुद्धा उपटायचे नाही. ओव्हरसिअर येतो, खुंटाची उंची मोजतो, तेवढा खड्डा धरतो. मग खुंट पाडायला मोकळे. मोजण्याआधीच पडला तर सगळ्या गावाचा घाम फुकट. जवळच्या एका गावाचा असाच गेला होता.

मागच्या वैशाखात जावईबापू मोतीरामजी त्या खुंटाखाली सापडून गेले. पंचनाम्यात लिहिले आहे ते असे: ‘मनाई असतानाही खुंटाखालून मुरूम काढत असता’. चोरी हा शब्द त्यात कुठेही नाही. तो लोकांनी आपल्या पदरचा घातला. अमडापूरचे किसनराव आपल्या मुलासाठी अंबूला पाहून गेले आणि मग मुरूमचोराची पोरगी नको म्हणून गप्प बसले, हे आमच्या पंचायतीतल्या जानरावकडून कळले. बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही. तू मनावर घेऊ नको.

२६ जानेवारीला रस्त्याचे उद्घाटन आहे. मोतीरामजींच्या स्मरणार्थ तुला व्यासपीठावर बोलावून लुगडे-चोळी आणि नारळ द्यायचा, असा पंचायतीने ठराव केला आहे. सूचक जानराव, अनुमोदन माझे. गुलाबरावांनी तुला घेऊन यावे. एस.टी. चावडीपर्यंत येते हे वर लिहिलेच आहे.

कळावे. लोभ आहेच, तो असू द्यावा.

इंद्रभान
सरपंच

*

निंबारी
९ फेब्रुवारी १९६५

चि. आशास आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. पोस्टमनने हातात दिले तेव्हा मला वाटले, अंबूने लिहिले असेल. खालचे नाव वाचून पुन्हा वरून वाचायला लागलो. तू प्रौढांच्या वर्गाला जातेस हे गुलाबरावांनी कळवले नव्हते. अक्षर मोठे आहे, रेघ सोडून खाली उतरते, पण वाचता येते. मी सातवीपर्यंत शिकलो, तू पाटीही धरली नव्हतीस. वहिनीला दाखवले. ती पदराने डोळे पुसून आत गेली.

कार्यक्रम पार पडला. तू आली नाहीस म्हणून लुगडे चावडीतल्या कपाटात ठेवले आहे. निळसर रंगाचे आहे, झुंबरबाईंनी निवडले. तुला ठाऊकच आहे, पंचायतीत बाई म्हणून त्या एकट्याच. त्यांनी आहे त्यातले बरे पाहिले. तालुक्याचे साहेब बोलले. त्यांनी सांगितले की बऱ्याच गावांची श्रमदानाची मापे संशयाची निघतात, पण निंबारीचे माप चोख आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

ते माप कसे चोख निघाले, हे तुला कोणी सांगितले नसेल. खुंट तर पडला होता. अर्जुनराव दुसऱ्या दिवशी आले तेव्हा खड्ड्यात नुसता ढीग होता. मग त्यांनी पंचनामा मागवला. त्यात लिहिलेले होते, ‘अंदाजे नऊ फूट उंचीचा मातीचा खुंट अंगावर कोसळून’. शिक्क्याचा कागद, पाच पंचांच्या सह्या. अर्जुनरावांनी तेच नऊ फूट आपल्या वहीत उतरवून घेतले. त्या मापावर रस्ता पास झाला.

हे मी त्या दिवशी पाहिले आणि मला काही वाटले नाही. भूक लागली होती एवढे आठवते.

तुझ्या कार्डावर चारच ओळी आहेत. त्या माझ्या पाठ झाल्या आहेत. ‘भाऊ रामराम. अंबूचे बाबा त्या दिवशी घरून बाभयीच्या दोन थुन्या खांद्यावर घेऊन गेले. चोराले थुन्या कायले लागतात. मले खरं सांगा, मी आता सोता वाचतो.’

टेकूच्या लाकडांची ही गोष्ट तू नऊ महिने पोटात ठेवलीस. जेठासमोर बोलता येत नव्हते, हे समजते.

उत्तर लिहायला चार वेळा बसलो. आज पाचवी. पुढच्या पत्री लिहितो. मोतीराम चोर नव्हता, एवढे यात लिहितो.

वांगी संपत आली. वहिनीचा गुडघा तसाच आहे.

तुझा भाऊ
इंद्रभान

*

निंबारी
४ एप्रिल १९६५

आशे,

आता मधात वाचणारं कोणी नाही. म्हणून बोलतो तसंच लिहितो. मायना लिहीत नाही. हे पत्र कार्डासारखं उघडं टाकू नको, पण कोणी दिसलं तर लपवूही नको. यातलं एक सोडून बाकी सारं आता गावाले माहीत आहे.

त्या दिवशी सकाळी चावडीत बैठक होती. नळाची. अर्जुनरावांचा नकाशा खाली सतरंजीवर पसरला होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड. कोणत्या गल्लीले पहिल्या खेपेत तोटी द्यायची यावरून भांडण. सरकारातून पाच मिळणार होत्या आणि गल्ल्या आठ. जो तो आपल्या घरापुढं बोट ठेवून बसला होता, बोट उचललं की दुसऱ्याचं पडे.

मोतीराम दाराशी आला. चपला काढल्या, पण आत नाही आला. तुले माहीत आहे त्याची सवय. सासुरवाडीच्या गावात राहून दहा वर्षं झाली तरी चावडीत पाव्हण्यासारखा उभा राहे.

मनला, “भाऊ, खुंटाले बुडाशी भेग पडली. परवाच्या अवकाळी पाण्यानं मुरूम भुसभुशीत झाला. पाडून टाकू काय?”

मी मनलं, “पाडू नको. साहेबाचं माप व्हायचं आहे.”

“साहेब सोमवारी येणार होते. आज गुरुवार.”

“उद्या येतेत. उद्यापर्यंत उभा राह्यला पाह्यजे. थुन्या लाव दोन.”

त्यानं दाराची चौकट धरली. मंग मनला, “तुमी येऊन पाह्यता का एकडाव? मले भेग बरी नाही दिसत.”

मी मनलं, “जावईबापू, इथं काय चालू आहे दिसत नाही का तुमाले? जा, लावा थुन्या.”

जानराव हासला. आणखी दोघं हासले. मोतीराम हाव मनून गेला. चपला घालताना त्यानं खाली पाह्यलं, माह्याकडं नाही.

तो घरी आला, थुन्या घेतल्या, ते तू पाह्यलं. त्याच्यानंतरचं मी सांगतो. तासभरानं खाणीकडून वरडा आला. सारे पळाले. मीही पळालो. फावड्यानं लागन मनून हातानंच मुरूम उपसला. एक थुनी लावून झाली होती, चांगली लावली होती, बुडाशी दगड देऊन. दुसरी त्याच्या हातात होती. त्याच्या तोंडावरचा मुरूम मी पुसला. तोंड सारं लाल झालं होतं, रक्त नव्हतं, मुरूमच होता.

मंग पोलीस पाटील शंकरराव आले. पंचनामा लिहायची येळ आली. अर्जुनराव तोपर्यंत पोचले नव्हते, पण साऱ्याइले ठाऊक होतं की सरपंचाच्या सांगण्यावरून मानूस मेला असं लिहिलं तर चौकशी लागन, काम थांबन, श्रमदान जाईन, नळ जाईन. जानराव मनला, “मेलेला मानूस काही जेलात जात नाही.” कोणी हो मनलं नाही, कोणी नाही मनलं नाही. शंकररावांनी माह्याकडं पाह्यलं. मी सांगतलं, लिहा, मनाई असतानाही.

शब्द माहे आहेत. मुरूम काढत असता, हेही माहेच. दोन्ही थुन्या मी पंचनाम्याच्या आधी उचलून बैलगाडीत टाकल्या आणि गोठ्यात नेऊन ठेवल्या. पहिली सही मी केली. पंच नंबर एक.

चोर मनतीन हे तेव्हा डोक्यात आलं नाही. लोकांनी दुसऱ्याच दिवशी म्हनायले सुरुवात केली, कारण मुरूम काढत होता तर कोणासाठी काढत होता, हा सवाल येतोच. तुमच्या अंगणात मुरूम टाकलेला होता, तो श्रमदानाच्या आधीचा, मले माहीत होतं. मी बोललो नाही. एक बोललो असतो तर दुसरं बोलावं लागलं असतं.

मी रडलो नाही आशे. दहाव्याले नाही, तू गाडीत बसली तेव्हा नाही. जेवत होतो, झोपत होतो, ठरावावर सह्या करत होतो. आता लिहितानाही काही होत नाही. हात चालतो. पहिलं वाटे, मी मजबूत मानूस आहे. आता भेव लागते की हे असंच राहीन.

तुझ्या कार्डानंतर मी मार्चातल्या ग्रामसभेची वाट पाह्यली. विषयपत्रिकेवर नळाचा विषय शेवटचा होता. त्याच्याआधी मी उभा राह्यलो आणि वर लिहिलं ते सारं सांगतलं. थुन्या सोबत आणल्या होत्या, त्या पुढं ठेवल्या. सभेत शंभरेक लोक होते. बाहेर एस.टी. वळत होती, तिचा आवाज येत होता. मंग झुंबरबाईंनी इचारलं, “म्हंजे नळ येनार नाही काय आता?”

वाईट मनानं नाही इचारलं तिनं. तिच्या सुनेले सातवा महिना आहे, नदीवरून पाणी आणते. मी मनलं, “माहीत नाही, बाई.” ती मनली, “मंग आदी सांगाचं होतं, नाही तं कदीच नाही सांगाचं होतं.”

दुसऱ्या दिवशी तालुक्याले जाऊन लेखी जबाब दिला, सरपंचकीचा राजीनामाही दिला. नळाचा कागद चौकशी होईपर्यंत थांबला. किती दिवस, ते कोणी सांगत नाही. जानराव रस्त्यात भेटला तर रामराम घेत नाही. तुझी वहिनी नदीवर गेली की बाकीच्या बाया घागरी उचलून वरच्या अंगाले सरकतात. ती मले काही मनत नाही. एकदाच मनली, “आशाबाईले आदी सांगतलं का गावाले?” मी मनलं, गावाले. ती मनली, “उलटं केलं तुमी.” तिचं खरं आहे.

एक गोष्ट मी सभेत सांगतली नाही आणि जबाबातही लिहिली नाही, कारण तिच्यासाठी सरकारात काही कलम नाही. मोतीराम येऊन पाहा मनला तेव्हा मी काऊन उठलो नाही? काम होतं मनून नाही. त्या टायमाले नकाशावर माहं बोट माळ्याच्या गल्लीवर होतं, आपल्या घरापुढच्या तोटीवर. मी उठलो असतो तर बोट उचललं गेलं असतं. दहा मिनिटांचा रस्ता होता खाणीचा. भेग पाहून मी पाडच मनलो असतो, मले खाणीतलं कळते. पण मी बोट उचललं नाही. बस, एवढंच आहे. याच्याहून मोठं कारण शोधून पाह्यलं, सापडत नाही.

हे तुले एकटीलेच लिहितो. तू कोणाले सांगायचं ते तू पाहा.

आता शेवटचं. परवा मी अमडापूरले गेलो होतो, किसनरावांकडं. तुले न इचारता गेलो, याचा राग धर. त्याहिले जबाबाची नक्कल वाचून दाखवली. त्याहिनं पुरी ऐकून घेतली. मानूस सरळ आहे. मनले, “म्हंजे पोरीचा बाप चोर नव्हता.”

मी मनलं, “नव्हता. सांगतलेलं काम करत होता.”

“आन ज्यानं सांगतलं, ज्यानं खोटं लिहून देल्लं, तो पोरीचा कोन?”

मी मनलं, “मामा. सख्खा.”

किसनरावांनी घरात हाक मारली. घरातून चहा आला. तो मले देल्ला, स्वतः घेतला नाही. मंग मनले, “पोरगी आमाले पसंत होतीच. आमी करतो. घेण्यादेण्याचं काही नाही. पन मंगलाष्टकाच्या टायमाले पोरीच्या मांगं मामा उभा राह्यते. तिथं तुमी उभं राहाचं नाही. तुमी मांडवातच याचं नाही. ज्याच्या सांगन्यानं बाप गेला, त्याच्या हातानं त्याची पोरगी मी घेनार नाही. हे कबूल असन तं सोयरीक पक्की समजा.”

मी हो मनून आलो.

तुझा होकार अजून बाकी आहे, तो तू शेगावहून कळव. नाही मनली तरी चालते, अंबूले दुसरी स्थळं येतीन, आता कोणी काही बोलू शकत नाही. पण मले वाटते, घर चांगलं आहे. विहीर आहे, पोरगा शेतात राबतो, अंबूले नदीवर जावं लागणार नाही. मामाच्या जागी उभा राहायले आपला कारभारी आहे, चुलतभाऊच तो, त्याले मी सांगून ठेवलं. तो हो मनला. अंबूसाठी पिवळं लुगडं आणि जोडवी तुझी वहिनी घेऊन येईन. ती येईन, तिले कोणी नाही मनलं नाही.

अंबूले हे सारं तूच सांग. मामा बिमार आहे मनून सांगू नको.

लग्नाची तारीख मले कळवू नको. वहिनीले कळव, कारभारीले कळव. मले कळली तर माह्यानं घरी बसवणार नाही, मी येईन.

इंद्रभान